हातांची हजेरी

मला यंत्रांचा आवाज आवडतो असं सांगितलं, की लोक माझ्याकडे जरा काळजीने पाहतात. बाईमाणसाने पाऊस आवडतो म्हणावं, फार तर बासरी. पण माझं सगळं आयुष्य कृषी अभियांत्रिकीच्या मुलामुलींना नांगर, पेरणीयंत्र, फवारणीचे पंप आणि मळणीयंत्र शिकवण्यात गेलं. सकाळी चहा घेताना रस्त्याने ट्रॅक्टर गेला, तर त्याचं काय दुखतंय हे मला घरात बसून कळतं. नवरा म्हणतो, तुला घरातल्या माणसाचा खोकला ऐकू येत नाही, इंजिनाचा बरोबर येतो. खरंच आहे ते.

एका आवाजाचं मात्र तसं राहिलेलं नाही. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन कापून-सोंगून होतं, शेताशेतांत त्याच्या गंज्या लागतात आणि यवतमाळच्या चहूबाजूंना मळणीयंत्रं सुरू होतात. आमच्या कॉलेजच्या मागच्या भिंतीपलीकडे शेतच आहे. वर्गाच्या खिडकीतून आधी धूळ येते, मग आवाज. यंदा तो परवा आला. मी फळ्यावर लिहीत होते आणि हातातला खडू थांबला. मॅडम पुढचं विसरल्या असं समजून पुढच्या बाकावरच्या एका हुशार पोराने पुढचा शब्द सांगून टाकला. "फार शहाणा आहेस," मी म्हटलं आणि जाऊन खिडकी लावून घेतली. मुलांना वाटलं, मॅडमना धुळीचा त्रास होतो.

तसा हा हंगाम देखणा असतो. तुरी फुलोऱ्यावर आलेल्या असतात. कपाशीची पहिली बोंडं उमललेली असतात, आणि दिग्रसच्या रस्त्याने जाताना जिनिंगकडे निघालेल्या गाड्यांतून उडालेला कापूस बाभळीच्या काट्यांना लटकलेला दिसतो. सकाळी अंगावर स्वेटर चढवावा लागतो आणि दुपारी तोच कंबरेला बांधावा लागतो. सोयाबीनच्या रानात नुसते खुंट उरलेले असतात, चपलेतून टोचतात. हरभरा पेरायची घाई असते, म्हणून जो तो रान मोकळं करायच्या मागे लागलेला. मळणीयंत्राच्या मागून कुटार, म्हणजे पिकाचा भुसा, उडत राहतं. त्याचा वास भाजायला टाकलेल्या डाळीसारखा असतो, निदान मला तरी तसा वाटतो. घरी जाऊन दोनदा अंघोळ केली तरी मानेवरची खाज जात नाही.

आमच्या परीक्षाही नेमक्या याच दिवसांत येतात. बाहेर खरंखुरं मळणीयंत्र धडधडत असतं आणि आत मुलं 'मळणीयंत्राची आकृती काढून भागांना नावे द्या' हे डोळे मिटून घोकत असतात. मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं तर आकृती समोर उभी आहे, पण कोणी पाहत नाही. पूर्वी मला याचं फार हसू यायचं. स्टाफरूममध्ये मी त्याची नक्कलही करून दाखवायचे.

प्रयोगशाळेत आमच्याकडे मळणीयंत्राचं एक मॉडेल आहे. आतलं सगळं दिसावं म्हणून मधोमध उभं कापलेलं. ड्रमला पिवळा रंग, जाळीला हिरवा, पंख्याला लाल. त्यावर धुळीचा कण नाही की तेलाचा डाग नाही. हाताने फिरवलं की ड्रम गुपचूप फिरतो. दरवर्षी मी तो फिरवते आणि दरवर्षी मुलं समजल्यासारख्या माना डोलावतात. रुखसारने डोलावली नव्हती. ती दिग्रसच्या यासीनभाई मिस्त्रींची मुलगी. त्यांचं वेल्डिंगचं आणि शेतीची यंत्रं दुरुस्त करायचं दुकान आहे, आणि पोरगी त्या दुकानातच ठिणग्या बघत लहानाची मोठी झालेली. कॉलेजच्या हॉस्टेलवर राहायची आणि शनिवारी दिग्रसची एसटी पकडायची. तिने मॉडेलचा ड्रम एकदा फिरवून पाहिला आणि म्हणाली, "मॅडम, हे तं मेलेलं हाये. आवाजच नाई. आतमधी काय चाललं ते कसं कळन?"

"परीक्षेत आवाज विचारत नाहीत," मी म्हटलं.

"म्हनूनच तं," ती म्हणाली आणि मागच्या रांगेत जाऊन उभी राहिली. मला तिचा रागही आला होता आणि ती आवडलीही होती.

मळणीयंत्राच्या तोंडाशी पत्र्याची एक पन्हाळ असते. पुस्तकात तिला फीडिंग शूट म्हणतात. कवभर पीक त्या पन्हाळीत टाकायचं आणि ते घसरत आतल्या ड्रमपर्यंत जाऊ द्यायचं. ड्रमला लोखंडी दाते असतात आणि त्यांना पीक काय नि बोट काय, दोन्ही सारखंच. म्हणून पन्हाळ एवढी लांब हवी, आणि आतल्या बाजूने वरून एवढी झाकलेली हवी, की माणसाने कितीही हात घातला तरी तो दात्यांपर्यंत पोचू नये. शिकवायला याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही. मी फळ्यावर लिहिलं, पन्हाळीची लांबी माणसाच्या हातापेक्षा जास्त असावी. रुखसारने हात वर केला.

"कोनाच्या हातापेक्षा, मॅडम?"

वर्ग हसला. ती हसली नाही. "पुस्तकातला मानूस जमिनीवर सरळ उभा हाये. आमच्याकडं बाया गंजीवर चढून, वाकून घालतेत. वाकलेल्या बाईचा हात लय आत जाते."

मी पुस्तकातल्या चित्राकडे पाहिलं. टोपी घातलेला एक पुरुष, ताठ उभा, जणू फोटो काढून घेतोय. मग मी फळ्यावरचं वाक्य पुसलं, गंजी काढली, गंजीवर वाकलेली बाई काढली आणि उरलेला तास आम्ही सगळ्यांनी मिळून त्या बाईचा हात कुठपर्यंत जातो हे शोधण्यात घालवला. मला त्या दिवशी फार आनंद झाला होता. शिकवणाऱ्याला असा तास वर्षानुवर्षं मिळत नाही, आणि मिळतो तेव्हा घरी येऊन कोणाला सांगावं तर कोणाला त्यात काही विशेष वाटत नाही.

पुढे एकदा पुसदला जाताना मी वाटेत दिग्रसला त्यांच्या दुकानी उतरले. तिथे तिने मला मागची भिंत दाखवली. भिंतीशी कापलेल्या पन्हाळींचा ढीग पडला होता. काही गंजलेल्या, काहींवर कंपनीचा रंग अजून ताजा. नवं मळणीयंत्र घेतलं, की लोक आधी नारळ फोडायचे आणि मग यासीनभाईंकडे येऊन पन्हाळ कापून घ्यायचे. कारण सोयाबीनच्या झाडांचा गुंता होतो, तो झाकलेल्या भागात अडकतो आणि यंत्र रिकामं फिरत राहतं. मळणीचा भाव पोत्यावर ठरलेला, त्यामुळे रिकामं फिरणारं यंत्र ते भाड्याने फिरवणाऱ्या मशीनवाल्याला बघवत नाही. पन्हाळ आखूड केली आणि झाकण उडवलं, की पीक थेट दात्यांत. जवळजवळ प्रत्येक यंत्राचं हेच. सगळ्यांना धोका ठाऊक, आणि सगळ्यांना वाटायचं, आपल्या यंत्रावर नाही होणार.

"मले गिऱ्हाईक म्हनते कापून दे, मी कापून देतो," यासीनभाई म्हणाले. माणूस गोड, पण हा विषय निघाला की आवाज चढायचा. "मी नाई म्हनलं तं थो पुसदले जाऊन कापून आनन. मंग मीच काहून गिऱ्हाईक सोडू? तुमीच सांगा, मॅडम."

मी काही सांगणार, एवढ्यात रुखसारने त्यांचे दोन्ही हात धरून पुढे ओढले. ते कायम पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचे, मनगटाची बटणं तुटलेली, बाह्या लोंबणाऱ्या. हात तेलाने काळे, त्यामुळे स्वतःच्या बाह्या स्वतः वर करायची सोय नाही. तिने एक बाही दुमडत दुमडत कोपराच्या वर नेली, मग दुसरी. "अब्बा, किती खेप सांगू? ग्राइंडर चालू हाये." आणि ते बोलणं न थांबवता, शाळेत निघालेल्या लेकरासारखे हात पुढे धरून उभे राहिले. दोघांचंही त्याकडे लक्ष नव्हतं. रोजचंच असणार ते.

शेवटच्या वर्षाला तिने प्रकल्प घेतला तो पन्हाळीचाच. लोकांना कापावीशी वाटणार नाही अशी पन्हाळ तिला बनवायची होती. बाकीच्या मुलांना प्रकल्पातून चांगले गुण हवे होते, एखाद्याला फोटो आणि प्रमाणपत्र. हिला एवढंच हवं होतं, की आपल्या दुकानाच्या मागच्या भिंतीशी यापुढे एकही नवा पत्रा पडू नये आणि गंजीवरच्या बाईचा हात शाबूत घरी जावा. हे ती असं बोलून दाखवायची नाही. पण तिच्याबरोबर पाच मिनिटं बसलेल्या कोणालाही ते कळलं असतं.

पन्हाळ त्यांच्याच दुकानात तयार झाली. रुखसार कागदावर काढायची, यासीनभाई पत्रा वाकवायचे, मग दोघं भांडायचे, मग पुन्हा पत्रा सरळ व्हायचा. तोंडाशी ती रुंद होती, तळाला बेताचा उतार, आणि झाकण आत जाता जाता उंच होत जाणारं, म्हणजे गुंता अडकू नये. बाहेरच्या काठाला तिने एक जाड, गोल केलेली पट्टी लावून घेतली. वाकणाऱ्या बाईला हात टेकायला आधार हवा, म्हणून. त्या पट्टीवर तिचा फार जीव होता. मला दुकानात बोलावून तिने माझा हात त्यावर टेकवून पाहिला, उंची बरोबर आहे का म्हणून. कौतुक करताना मी हात आखडता घेते अशी मुलांत ख्याती आहे, पण त्या दिवशी मी मोकळेपणाने म्हटलं, "छान झालीय गं." यासीनभाई ओठ मिटून हसले आणि उगाच पत्रा पुसत बसले.

त्या वर्षीचा मळणीचा हंगाम मला दिवसादिवसाने आठवतो. दिग्रसजवळच्या एका बंजारा तांड्यावर एक मशीनवाला पन्हाळ लावून पाहायला तयार झाला. तिथे यंत्रात पीक घालायचं काम सोनीबाईकडे होतं. तांड्यावरची चाळिशीची बाई, सडसडीत, तोंडाने फटकळ, दोन्ही हातांत मनगटापासून वरपर्यंत बांगड्या. त्या काढायला ती तयार होईना. "याडीनं, माह्या मायनं घातलेल्या हायेत, मेल्यावरच निघन," म्हणाली. शेवटी रुखसारने जुन्या ओढणीच्या पट्ट्या फाडून तिच्या बांगड्यांवर घट्ट गुंडाळल्या. सोनीबाईने दोन्ही हात उन्हात फिरवून पाहिले आणि म्हणाली, "छोरी, मले तं तू दवाखान्यात भरती केलं." सगळे हसलो आम्ही.

माझी एक जुनी सवय होती. यंत्रावरचं प्रात्यक्षिक सुरू होण्याआधी आणि संपल्यावर सगळ्यांनी दोन्ही हात वर करायचे. आधी हात, मग नावं. मुलं त्याला हातांची हजेरी म्हणायची आणि माझ्यामागे त्यावरून टिंगल करायची, तेही मला माहीत होतं. त्या शेतातही मी म्हटलं, "चला, हात." मुलांनी हात वर केले. रुखसारने केले, कडेला उभ्या यासीनभाईंनीही केले, आणि गंजीवरून सोनीबाईने आपले ओढणी बांधलेले हात वर करून आवाज दिला, "मी बी हाजर, मॅडम!"

यंत्र चाललं आणि छान चाललं. मळणीयंत्राच्या तोंडी पीक सारखं पडलं, तर त्याचा आवाज एका सुरात राहतो. कोणी घाईने जास्तीचं कोंबलं, की ड्रम कण्हतो, मग सैल होतो, मग पुन्हा कण्हतो. रुखसार यंत्राकडे पाठ करून उभी राहायची आणि नुसतं ऐकून सांगायची, आता सोनीबाई घालतेय, आता दुसरी कोणी आली, आता अब्बांनी दोन कवा टाकून पाहिल्या. यासीनभाईंची तऱ्हा वेगळी होती. ते एक कव घालायचे, थांबायचे, ड्रम काय म्हणतोय ते ऐकायचे आणि मगच दुसरी घालायचे. मुलं पैज लावायची आणि हरायची. दुपारी सोनीबाई चहा घ्यायला खाली उतरली, कंबरेवर हात ठेवून मागे वाकली आणि म्हणाली, "आज कंबर नाई दुखून राह्यली, छोरी. थ्या पट्टीवर भार टाकता येते ना." रुखसारचा चेहरा तेव्हा मी पाहिला. पुष्कळ विद्यार्थ्यांचे पुष्कळ निकाल मी पाहिले आहेत, पण असा चेहरा नाही.

आठवडाभर ती पन्हाळ यंत्रावर राहिली. मग आमच्या परीक्षा लागल्या आणि रुखसार यवतमाळला परत आली. त्याच सुमाराला आभाळ भरून आलं. अवकाळीचं आभाळ. गंज्या उघड्यावर, रानं ओली व्हायच्या बेतात, आणि सगळ्या गावांना एकाच दिवशी मळणी हवी. दमट झाडं नव्या पन्हाळीतही हळूहळूच सरकत होती. मशीनवाला यंत्र घेऊन यासीनभाईंकडे गेला आणि म्हणाला, कापून द्या. ते नाही म्हणाले. तो पुन्हा आला, सोबत ज्यांच्या गंज्या उभ्या होत्या ती माणसं घेऊन आला. त्यांच्यातले काही यासीनभाईंच्या लहानपणापासूनच्या ओळखीचे. आभाळ तर सगळ्यांच्याच डोक्यावर होतं. चार दिवस कापू, हंगाम सरला की पुन्हा जोडून देऊ, असं ठरलं. यासीनभाईंनी पन्हाळ कापली आणि ती मागच्या भिंतीशी न टाकता आत, उभी करून ठेवली. पुन्हा लावायची होती म्हणून.

पेपर संपवून मुलं व्हरांड्यात उत्तरं पडताळत होती, तेव्हा तो फोन आला. त्या दिवशी यंत्रांचाच पेपर होता. मळणीयंत्राच्या सुरक्षिततेवर प्रश्न होता, तो दरवर्षीच असतो. रुखसारने फोन कानाला लावला, ऐकलं आणि हातातली पट्टी, पेन, प्रश्नपत्रिका सगळं माझ्या हातात देऊन टाकलं. "सोनीबाईचा हात गेला," ती म्हणाली. सोनीबाईला यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात आणत होते. आम्ही दोघी माझ्या स्कूटीवर तिथे गेलो.

उजवा हात होता. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. सोनीबाई दुसऱ्या दिवशी बोलायला लागली, तेव्हा आम्ही खाटेजवळ होतो. ती कोणावर चिडलेली नव्हती, हेच सहन होत नव्हतं. तिने डाव्या हाताने रुखसारचा हात धरला आणि समजूत घातल्यासारखं सांगितलं, "मले थ्या पट्टीवर हात टेकाची आदत झालती ना, छोरी. ध्यान नोतं माहं. हात आपसूकच तेथं गेला. पट्टी नोती."

आधी इतकी वर्षं आखूड पन्हाळीच्या यंत्रांवर सोनीबाईने काम केलं होतं, तेव्हा तिचा हात घाबरून होता. धोका कुठे आहे हे त्याला कळत होतं. आठवड्याभरात रुखसारच्या पट्टीने त्याची भीती घालवली. मग पट्टी गेली, आणि हात जुन्या भरवशाने तिथेच टेकायला गेला. हे मी आता सहज लिहून गेले. त्या दिवशी दवाखान्यात मला ते समजायला वेळ लागला. रुखसारला लागला नाही. तिने सोनीबाईचा हात सोडला, वॉर्डाबाहेर गेली आणि पायऱ्यांवर बसली.

थोड्या वेळाने यासीनभाई आले. बाह्या तशाच लोंबत होत्या. ते तिच्यासमोर उभे राहिले.

"अब्बा, कापली?" तिने विचारलं.

"चार दिवसासाठी, बेटा. आभाळ आलतं."

ती उठली नाही, रडली नाही, त्यांच्या बाह्यांकडे तिने पाहिलंही नाही. ते हात मागे बांधून उभे होते.

मला फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं, आणि ते कोणावर काढावं हे अजूनही कळत नाही. मशीनवाल्यावर काढावं तर त्याच्या दारात माणसं उभी होती. यासीनभाईंवर काढावं तर ते स्वतःच पार खचले होते. आणि या पोरीने तर जगातलं एक चांगलं काम केलं होतं, फक्त ते पुरतं टिकलं नाही. आम्ही मुलांना यंत्र शिकवतो, गती, ताकद, खर्च, सगळं शिकवतो. चांगल्या वस्तूची माणसाच्या हाताला सवय लागते, आणि ती काढून घेतली तर हात पहिल्यापेक्षा उघडा पडतो, हे शिकवायला आमच्याकडे धडा नव्हता. आता मी शिकवते. पण ते मुलांकडे पाठ करून, फळ्याकडे बघत शिकवते.

रुखसार चांगल्या गुणांनी पास झाली. मी म्हटलं, पुढे शिक, याच विषयात शिक. तिने पुण्याला संगणकाच्या कंपनीत नोकरी धरली. एकदा फोनवर म्हणाली, "इथं काहीच फिरत नाही, मॅडम. बरं वाटतं." ईदला घरी येते. अम्मीशी बोलते, शेजारपाजाऱ्यांशी बोलते. अब्बांना सलाम करते आणि तिथेच थांबते. मळणीच्या हंगामात मात्र ती कधीच येत नाही.

मीही एक गोष्ट सोडली. पुढच्या वर्षीच्या मुलांनी प्रात्यक्षिकाआधी हात वर केले, कारण वरच्या वर्गातल्यांनी त्यांना ती गंमत सांगून ठेवली होती. समोर सगळे हात उभे राहिले आणि मला ते बघवेनात. "खाली घ्या," म्हटलं आणि नावं पुकारली. तेव्हापासून हातांची हजेरी बंद आहे.

यासीनभाईंनी त्यानंतर एकही पन्हाळ कापली नाही. कापून मागणारे आता पुसदला जातात, जायचे ते जातातच. पण दुसरं कोणतंही काम घेऊन मळणीयंत्र त्यांच्या दारात आलं, की ते आधी त्याला रुखसारने काढलेल्या आकाराची पन्हाळ बसवतात आणि मगच मालकाचं काम हाती घेतात. कोणी कुरकुर केली तर म्हणतात, "पाह्य भाऊ, तुले नसन पायजे तं मशीन घेऊन जाय." मागच्या भिंतीशी ढीग उरला नाही. त्यातला एकेक पत्रा त्यांनी कुठे ना कुठे जोडून टाकला. हंगामाआधी ते एकदा कॉलेजात येतात. पाऊस कसा झाला, परीक्षा कधी आहेत, यंदा मुलं किती, असं सगळं विचारून होतं. मग उठता उठता, दाराशी, पायात चप्पल घालताना विचारतात, "रुखसारचा फोन येते का तुमाले?" येतो, मी सांगते. "बरी हाये ना?" बरी आहे, मी सांगते.

काल आमच्या मुलांना घेऊन मी त्याच तांड्यावर गेले. तेच शेत, तोच मशीनवाला. यासीनभाईंनी पन्हाळ लावून दिलेलं यंत्र पहिल्यांदा सुरू होतं, तेव्हा ते स्वतः शेतात येतात आणि पहिल्या कवा स्वतः घालून पाहतात. कालही तेच घालत होते. सोनीबाई यंत्राच्या जवळ उलट्या घमेल्यावर बसली होती, रिकामी बाही पदरात खोचून. मी तिच्याजवळ बसले आणि विचारलं, इथे धुळीत कशाला बसतेस?

"इथंच बसते मी, जेथं मशीन असन तेथं," ती म्हणाली. "माह्याकडं पाहून पोरी आपसूक हात मांगं घेतेत."

मुलं आपापलं मोजमाप करत होती, कुटार उडत होतं, तुरीवर ऊन पडलं होतं. आणि माझा फोन वाजला. रुखसार होती. दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला ती दरवर्षी फोन करते, नेहमी कामाच्या वेळी, कारण तेव्हा मी लवकर फोन ठेवते हे तिला माहीत आहे. "थांब, बाजूला जाते," मी म्हटलं आणि चालायला लागले.

"नको, मॅडम. तिथंच थांबा."

मी थांबले. ती ऐकत होती. मी फोन कानापासून जरा लांब धरला.

"पन्हाळ आहे," ती म्हणाली.

"आहे."

"पूर्ण?"

"पूर्ण. पट्टीसकट."

यंत्रात कव पडली, आवाज भरला, सैल झाला. मग थोडं थांबून दुसरी कव पडली.

"अब्बा घालतायत," ती म्हणाली. मी हो म्हटलं नाही, तिला ते नको होतं. नंतर तिचा आवाज पार वेगळा आला, दुकानातला, ग्राइंडरच्या वरताण बोलायची तसा. "मॅडम, त्यांना म्हना, बाह्या वर करा."

मी यंत्राजवळ गेले. मला येताना पाहून यासीनभाईंनी हातातली कव खाली ठेवली आणि ते मागे सरले. भुवयांवर कुटार बसलं होतं. मनगटाची बटणं तुटलेली, दोन्ही बाह्या लोंबत होत्या.

"रुखसार आहे फोनवर," मी ओरडून सांगितलं. "बाह्या वर करा म्हणतेय."

त्यांना ऐकू गेलं की नाही मला कळेना. ते नुसते फोनकडे बघत राहिले. मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले, दुकानात करायचे तसेच, आणि मान खाली घालून उभे राहिले. समोर मी होते, पण त्यांनी ते माझ्यासाठी पुढे केलेले नव्हते. मी फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरला आणि त्यांची उजवी बाही दुमडायला घेतली. कापड तेलाने कडक झालं होतं. कोपराच्या वर नेली आणि तिथेच थांबले, कारण मला पुढचं दिसत नव्हतं.

"दुसरी बी कर, मॅडम," घमेल्यावरून सोनीबाई म्हणाली.

दुसरीही केली. यासीनभाई यंत्राकडे वळले, कव उचलली आणि पन्हाळीत सारली. आवाज पुन्हा भरला.

"दोन्ही वर केल्या गं," मी फोनवर सांगितलं.

"हो," ती म्हणाली. तिने फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. ती गंजी संपेपर्यंत आम्ही दोघी ऐकत राहिलो.